कोकण किनाऱ्यावर जुनी समुद्रपातळी शोधायची तर गाळाचा कोअर कसा काढावा

गाळाचा कोअर, म्हणजे थर न विस्कटता नळीत काढलेला गाळाचा उभा दंडगोल, काढणं वाटतं तेवढं अवघड नाही. पाच-सहा माणसं, एक तिपाई, दोन टनी चेन ब्लॉक आणि स्लॅब टाकताना वापरतात तो व्हायब्रेटर एवढ्या सामानावर खाडीतून चार-पाच मीटरचा चांगला कोअर निघतो. कोअरमधला एखादा थर आजच्या सरासरी समुद्रपातळीपेक्षा नेमका किती खाली आहे आणि साचला तेव्हा तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कुठे होता, हे सांगणं मात्र खरोखर अवघड आहे. काढलेले कोअर निकामी ठरतात ते बहुतेक वेळा इथेच. म्हणून पुढे यंत्रांइतकीच जागा टेप, लेव्हल आणि भरतीच्या नोंदींना दिली आहे.

जागा कशी निवडायची

साधारण २६,५०० ते १९,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० ते १३० मीटर खाली होता. मुंबईसमोर जवळजवळ ३०० किलोमीटर रुंद आणि दक्षिणेकडे अरुंद होत जाणारा भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) तेव्हा बहुतेक उघडा होता. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटन या नद्या त्यावरून वाहत पुढे जात होत्या. बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या आसपास पोचलं. या चढाईची नोंद कोकणात तीन पट्ट्यांत सापडते, आणि प्रत्येक पट्ट्याचं हत्यार वेगळं आहे.

पहिला पट्टा खाड्या आणि खाजणांचा. बुडालेल्या नदीच्या दरीत गाळ भरत गेला, त्यात कांदळवनाचा काळा, पालापाचोळ्याचा चिखल अडकला. हाताने किंवा छोट्या यंत्राने इथे काम होतं आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजता येते. पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

दुसरा पट्टा किनाऱ्यापासून साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंतचा. तळाला लोण्यासारखी मऊ, हिरवट-करडी गाळमाती. हिच्यासाठी ग्रॅव्हिटी कोअरर, म्हणजे स्वतःच्या वजनाने तळात रुतणारी नळी.

तिसरा त्याच्या पलीकडचा, भूखंडमंचाच्या कडेपर्यंतचा. इथे नवा चिखल पोचतच नाही. समुद्र खाली असताना साचलेली चुनखडीयुक्त वाळू, शंखशिंपल्यांचा चुरा, जुन्या प्रवाळांचे कट्टे उघडे पडलेले आहेत. मुंबई-सौराष्ट्रासमोरचं ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ हे पठार याच जातीचं. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर असलेला आंग्रिया बँकही बुडालेलं पठारच आहे, पण त्याच्या माथ्यावर जिवंत प्रवाळ आहे. तिथे ड्रिल लावायचा विचारही करू नये. खालच्या उतारावरच्या मृत कट्ट्यांकडे बघावं.

खाडीत जागा निवडताना सगळ्यात खोल जागेचा मोह आवरा. आपल्याला हवा असतो तळाशी टणक जमीन आणि तिच्यावर थेट टेकलेला कांदळवनाचा काळा थर. टणक जमीन म्हणजे कोकणात जांभा, मुरूम, कुजलेला काळा कातळ किंवा तांबडे-पिवळे ठिपके असलेली घट्ट माती. असा तळाचा थर दबून खाली जात नाही, कारण त्याच्याखाली दबण्यासारखं काही नसतं. उलट आठ मीटर मऊ चिखलावर तरंगणारा थर त्याच्या मूळ उंचीपासून मीटर-दीड मीटर सहज खाली गेलेला असू शकतो, आणि किती गेला ते मागाहून सांगता येत नाही. म्हणून दरीच्या मध्यापासून काठाकडे ओळीत पाच-सहा भोकं घ्या. टणक तळ जसजसा वर येत जाईल तसतसे वेगवेगळ्या उंचीचे, वेगवेगळ्या वयाचे तळथर मिळतील. एका खोल कोअरपेक्षा अशी चढती ओळ कितीतरी मोलाची.

मिठागरं, कोळंबीची तळी, खारबंदिस्तीच्या आतली जमीन आणि ड्रेजर फिरलेली पात्रं टाळा. वरचे दोन मीटर तिथे माणसाने उलटेपालटे केलेले असतात. गावातल्या जुन्या माणसांना बांध कुठे होता, रेती कुठून काढली जायची हे विचारलं की नकाशात न दिसणारी बरीच माहिती मिळते.

समुद्रात कोअररच्या आधी सब-बॉटम प्रोफाइलर, म्हणजे तळाखालचे थर ध्वनीने दाखवणारं यंत्र, फिरवा. साडेतीन किलोहर्ट्झचं किंवा चर्प जातीचं यंत्र चार-पाच नॉट वेगाने ओढलं तर चिखलातून वीस-तीस मीटरपर्यंतचे थर दिसतात. नोंदीवरचा वेळ जाऊन-येऊन असतो. मऊ गाळात ध्वनीचा वेग सेकंदाला १,५०० ते १,६०० मीटर धरला, तर १० मिलिसेकंद म्हणजे साडेसात ते आठ मीटर. बुडालेली नदीपात्रं या नोंदीत इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘यू’ आकारात ठळक दिसतात. कोकणासमोरच्या आतल्या पट्ट्यात एक अडचण हमखास येते. चिखलातल्या मिथेन वायूमुळे नोंदीवर काळा पडदा पडतो आणि खालचं काहीच दिसत नाही. अशा जागी ‘खाली काय आहे ते कोअर काढूनच बघू’ असं म्हणू नका. वायूने भरलेला कोअर वर आल्यावर फुगतो, फाटतो आणि त्यातली खोली विश्वासाची राहत नाही. पडद्याच्या कडेला, जिथे थर पुन्हा दिसू लागतात, तिथे बिंदू टाका.

परवानग्या आणि वेळ

कांदळवन असलेली शासकीय जमीन बहुतेक ठिकाणी राखीव वन आहे. तिथे वनविभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी लागते. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) बाबतीत किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावं लागतं, खाडीत तराफा उभा करायचा तर मेरीटाईम बोर्डाकडे. समुद्रात जाताना तटरक्षक दल आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. कागदांइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्या बंदराच्या मच्छीमार सोसायटीत आधी जाऊन बसणं. डोलजाळ्यांच्या खुंटांच्या आणि बोयांच्या जागा त्यांनाच ठाऊक असतात. जाळ्यात अडकलेला कोअरर सोडवण्यात अख्खा दिवस जातो, जाळ्याची भरपाई द्यावी लागते ती वेगळीच.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी मतलई वारा असतो, समुद्र सपाट असतो. दुपारनंतर खारा वारा उठला की छोट्या बोटीवरून कोअरर सरळ खाली सोडणं कठीण होतं. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी, त्या दिवसांत तांडेलही मिळत नाही आणि समुद्रही परवानगी देत नाही.

खाडीत उधाणाचे दिवस धरायचे की भांगेचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो ते, यावर दोन मतं आहेत. उधाणाच्या ओहोटीला चिखल जास्त वेळ आणि जास्त खालपर्यंत उघडा पडतो, पण पाणी परत येतं तेही झपाट्याने. हाताच्या ऑगरसाठी (फिरवत दाबायच्या नळीसाठी) उधाण चांगलं, तराफ्यावरच्या कामासाठी भांग. ओहोटीचा तळ गाठायच्या दोन तास आधी तिपाई उभी झालेली असावी आणि पाणी वळल्यावर दीड तासात सामान बाहेर. चिखलात कोणी मांडीपर्यंत रुतलं असेल तर भरती त्याच्यासाठी थांबत नाही. दोन मीटरच्या फळ्या, दोर आणि काठावर एक माणूस कायम ठेवा.

आधी उंचीचा खुंट

पहिलं भोक पाडायच्या आधी एक पक्का खुंट ठरवा. जेटीचा कोपरा, पुलाचा खांब किंवा उघडा कातळ चालेल. त्याची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कवरून लेव्हलिंगने आणा, जाताना आणि परत येताना दोन्ही वेळा वाचन घ्या. बंद फेरीतला फरक एक-दोन सेंटिमीटरांत बसला पाहिजे.

जीएनएसएस (जीपीएससारखं उपग्रहावरून जागा सांगणारं उपकरण) वापरत असाल तर सावध. उपकरण देतं ती उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते. कोकणात ती आणि सरासरी समुद्रपातळीपासूनची उंची यांत ६० मीटरांहून जास्त फरक आहे. एवढी मोठी चूक लगेच दिसते म्हणून त्रास देत नाही. त्रास होतो तो या दोन उंचींतला फरक देणारं जिओइड मॉडेल चुकीचं किंवा जुनं वापरल्याने येणाऱ्या अर्ध्या मीटरचा, कारण तो आकड्यांत बेमालूम मिसळून जातो. म्हणून किमान एका बेंचमार्कवर उपकरण ठेवून स्थानिक फरक काढा आणि तोच सगळीकडे लावा.

शिवाय खाडीच्या मुखावरची भरती आणि आत दहा किलोमीटरवरची भरती एकसारखी नसते. साइटवर एक मोजपट्टी ठोका किंवा दाबमापक लॉगर टाका आणि किमान १५ दिवस, जमल्यास महिनाभर नोंद घ्या. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरांच्या घरात जातो, रत्नागिरीकडे तो दोन-अडीच मीटरच असतो. हा आकडा शेवटच्या गणितात थेट येतो. आणि समुद्राच्या नकाशावरची खोली ‘चार्ट डेटम’पासूनची, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासूनची असते, सरासरी पातळीपासूनची नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

खाडीत: ऑगर, रशियन कोअरर, व्हायब्रोकोअर

आधी ३० मिलिमीटरचा गाऊज ऑगर, म्हणजे एक मीटर लांबीची उभी चिरलेली अर्धनळी. एक-एक मीटरचे रॉड जोडत दाबत जायचं, अर्धा फेरा फिरवायचा, वर काढून चाकूने समोरची बाजू साफ करून थर बघायचे. दोन माणसं तासाभरात पाच-सहा मीटरचं भोक पाहून मोकळी होतात. याचा उपयोग फक्त टेहळणीला. नमुना यातून घेऊ नका, कारण दर वेळी भोकाच्या भिंतीवरचा वरचा चिखल सोबत येतो.

टेहळणीत काळा थर आणि त्याखालची टणक जमीन दिसली की तिथेच रशियन कोअरर लावा. याचा अर्धगोल कप्पा साधारण ५० सेंटिमीटर लांब असतो. बंद स्थितीत हव्या त्या खोलीपर्यंत दाबायचा आणि तिथे १८० अंश फिरवला की पाता गाळ कापून कप्पा बंद करतो. गाळ दाबला जात नाही, हा याचा सर्वात मोठा गुण. दोन भोकं ३० सेंटिमीटर अंतरावर पाडा आणि आलटून पालटून नमुने घ्या: पहिल्यात ०-५०, दुसऱ्यात ४०-९०, पुन्हा पहिल्यात ८०-१३०. दहा सेंटिमीटरच्या सामाईक तुकड्यावरून सांधे जुळवता येतात आणि टोकाने विस्कटलेला भाग सोडून देता येतो. वाळू किंवा शिंपल्यांचा थर आला की हे यंत्र हात टेकतं.

मग व्हायब्रोकोअर, म्हणजे कंपनाने गाळात उतरवायचा पाइप. बाहेरून ७६ मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर जाडीचा, ६ मीटर लांब ॲल्युमिनियम पाइप. आतला व्यास ७३ येतो. पाइपच्या धातूचं क्षेत्रफळ आतल्या गाळाच्या क्षेत्रफळाच्या साडेआठ टक्क्यांच्या आत राहतं, म्हणजे गाळ फारसा ढवळला जात नाही. ‘वाकू नये म्हणून’ तीन मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला तर हेच प्रमाण दुपटीच्या वर जातं. खालची कड बाहेरून कानशीने धारदार करा, आत पितळी पात्यांचा कोअर कॅचर (कोअर खालून निसटू न देणारी झडप) रिव्हेटने बसवा. पाइपच्या बाहेरून दर दहा सेंटिमीटरला खुणा कोरा.

पाइप तिपाईत उभा करा, ओळंब्याने सरळ बघा. तिपाईच्या पायांखाली दोन-दोन फुटी प्लायवूड हवंच, नाहीतर ओढताना कोअरऐवजी तिपाईच खाली जाते. व्हायब्रेटरची सुई पाइपला क्लॅम्पने घट्ट आवळा. सैल क्लॅम्प आवाज करतो, काम करत नाही. मऊ चिखलात पाइप मिनिटाला अर्धा मीटर उतरतो, वाळूत दोघांनी दोराने खाली ओढावं लागतं. दोन मिनिटांत दोन सेंटिमीटरही उतरला नाही तर बंद करा. पुढे रेटत राहिलात तर कॅचर फाटतो आणि तळाचा तुकडा, म्हणजे आपल्याला हवा होता तोच, निसटतो.

आता मोजमाप. समजा ६०० सेंटिमीटरच्या पाइपचा ११० भाग जमिनीवर उरला आहे, म्हणजे पाइप ४९० आत गेला. वजन बांधलेली टेप पाइपच्या आत सोडली, ती वरच्या तोंडापासून १७८ वर चिखलाला टेकली, म्हणजे आतला कोअर ४२२ लांब. ६८ सेंटिमीटर, जवळपास १४ टक्के, कुठेतरी गेले. ते दाबून गेले, की मधला मऊ थर पाइपात शिरलाच नाही? नुसतं सगळ्या खोल्यांना १.१६ ने गुणणं ही सर्रास केली जाणारी चूक आहे, कारण आखूडपणा सगळीकडे सारखा वाटला जात नाही, बहुतेक वेळा तो एखाद-दोन थरांतच होतो. त्यावर उपाय एकच: पाइप उतरत असताना दर ५० सेंटिमीटरला व्हायब्रेटर थांबवा, आतली टेप वाचा. दोन स्तंभ लिहिले की कुठल्या टप्प्यात किती गेलं ते समोर दिसतं. शेजारच्या रशियन कोअररमधला एखादा ठळक थर, उदाहरणार्थ शिंपल्यांचा पट्टा, दोन्हींत सापडला तर दुरुस्ती पडताळूनही घेता येते.

ओढायच्या आधी पाइपचा रिकामा भाग काठोकाठ पाण्याने भरा आणि रबरी प्लगने तोंड बंद करा. हवा राहिली तर ती ताणली जाते आणि कोअर घसरतो. पाणी ताणलं जात नाही. कोअरचं स्वतःचं वजन पाइपसकट मीटरला साडेसात किलोच्या आसपास, म्हणजे पाच मीटरला चाळीस किलोही नाही. पण बाहेरून चिखलाची पकड मऊ मातीतसुद्धा चौरस मीटरला टनभर धरावी लागते, आणि पाच मीटर पाइपची बाजू १.२ चौरस मीटर भरते. म्हणून एक टनी चेन ब्लॉक पुरत नाही, दोन टनी लागतो. पहिला अर्धा मीटर अगदी सावकाश ओढा. तळ वर येताक्षणी खालून टोपी चढवायला एक माणूस गुडघ्यावर तयार असला पाहिजे.

तराफ्यावरचं बोअरिंग

दहा-बारा मीटरच्या खाली जायचं असेल तर पुलांच्या पायाचं बोअरिंग करणारी टोळी लावावी लागते. रिग, केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घालायचा बाहेरचा पाइप), पॉन्टून (तराफा) सगळं त्यांच्याकडे असतं. त्यांचं नेहमीचं काम मात्र वेगळं आहे. त्यांना जमीन किती भार पेलेल ते हवं असतं, म्हणून दर दीड मीटरला एक नमुना, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून ठोके मोजणं, आणि मधला भाग पाण्याने धुऊन काढणं. धुऊन वर आलेल्या गाळावरून थर ओळखता येत नाहीत. करारात स्पष्ट लिहून घ्या: धुणं नाही, सलग नमुने, पातळ भिंतीच्या १०० मिलिमीटर नळ्या, एका वेळी जास्तीत जास्त एक मीटर, वाळूत तिहेरी नळीचा कोअर बॅरल, आणि केसिंग नेहमी नमुन्याच्या अर्धा मीटर मागे. ठोक्यांचे आकडेही फेकू नका. दोन-तीन ठोक्यांवरून एकदम वीस-तीसवर उडी गेली की जुनी उघडी जमीन लागली असं समजायला हरकत नाही.

तरंगत्या पॉन्टूनवर सर्वात महागात पडणारी चूक अशी. ड्रिलर खोली डेकपासून मोजतो, आणि डेक भरतीबरोबर वर-खाली होतो. सकाळी ओहोटीला मोजलेले ‘बारा मीटर’ आणि दुपारी भरतीला मोजलेले ‘बारा मीटर’ यांत रत्नागिरीसारख्या ठिकाणीही दोन मीटरचा फरक पडतो. म्हणजे ज्या फरकाचा शोध घ्यायचा, तेवढी चूक नोंदीतच शिरते. खोली नेहमी केसिंगच्या तोंडापासून मोजा. केसिंग जमिनीत रुतलेलं असतं, ते हलत नाही. त्याच्या तोंडाची उंची काठावरच्या खुंटावरून लेव्हलने घ्या आणि केसिंगचा तुकडा वाढवला की पुन्हा घ्या. दुसरी बारीक चूक रॉडची. कोणी दहा फुटी रॉड आणतो आणि वहीत ‘तीन मीटर’ लिहितो. दहा रॉडांत अर्धा मीटर जातो. प्रत्येक रॉड टेपने मोजून त्यावर लांबी रंगवा.

खुल्या भूखंडमंचावर असं काम करायला पाय टेकून उभं राहणारं जहाज लागतं. न्यू जर्सीसमोर २००९ साली ३१३ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ-ड्रिलिंग मोहिमेत तेच केलं गेलं: सुमारे ३५ मीटर पाण्यात, तीन भोकं, आणि सरासरी ८० टक्के गाळ हाती. वाळू-चिखलाच्या थरांत हा आकडा उत्तम मानला जातो. सैल वाळू नळीतून गळते, हे जगात कुठेही सारखंच. ताहिती (२००५) आणि ग्रेट बॅरियर रीफ (२०१०) इथल्या मोहिमांनी बुडालेले प्रवाळ कोरले, कारण उथळ पाण्यातल्या प्रवाळाचं वय युरेनियम-थोरियमने बारकाईने काढता येतं. कोकणाच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या कट्ट्यांना हीच पद्धत लागू पडते.

जहाजावरून ग्रॅव्हिटी कोअर

आतल्या चिखलासाठी ३०० ते ५०० किलोचा माथा, तीन ते सहा मीटरचं बॅरल आणि आत पीव्हीसी लायनर. बॅरलची लांबी प्रोफाइलरवर दिसणाऱ्या मऊ थराच्या जाडीवरून ठरवा. मऊ थर दोन मीटर आणि बॅरल सहा मीटर असेल तर ते खालच्या टणक थरावर आपटून केळ्यासारखं वाकून येतं. विंच सोडताना तळाच्या वीस मीटर वर थांबा, मिनिटभर झोका शमू द्या, मग सेकंदाला साधारण एक मीटरने सोडा. ताणमापकावर वजन उतरलेलं दिसलं की दोर लगेच थांबवा, नाहीतर सुटा दोर कोअररभोवती गुंडाळतो. बाहेर काढायला सुरुवात अगदी हळू.

वर आल्यावर बॅरलच्या बाहेर चिखल कुठपर्यंत लागला आहे ते आधी मोजा. तेवढं यंत्र आत गेलं. आतला कोअर नेहमी त्याहून आखूड असतो. शिवाय अगदी वरचे दहा-वीस सेंटिमीटर धडकेने उडून जातात, म्हणून त्याच जागी एक बॉक्स कोअर, म्हणजे पेटीने अलगद उचललेला वरचा गाळ, घ्या.

इथली उंची म्हणजे पाण्याची खोली, आणि तिच्यात चार दुरुस्त्या: त्या वेळची भरती, जहाजाच्या तळाला बसवलेल्या, ध्वनी सोडणाऱ्या ट्रान्सड्यूसरची बुडी, पाण्यातला ध्वनीचा खरा वेग, आणि दोराचा कल. नव्वद मीटर पाण्यात सगळं नीट केलं तरी मीटरभर शंका उरते. बाहेरच्या पट्ट्यात ती चालते, कारण तिथे प्रश्न दहा-दहा मीटरांचा असतो.

बाहेरच्या वाळूत ग्रॅव्हिटी कोअरर रिकामाच येतो. तिथे तळावर बसणारा विजेचा व्हायब्रोकोअरर हवा. तिथल्या वाळूत लाटांनी घुसळलेल्या, काही मीटर उथळ पाण्यात तयार होणारे गोल ऊलाइट दाणे मिळतात. पातळीचा पुरावा म्हणून ते छान, पण मूठभर वाळूचं एकत्र वय काढू नका, त्यात हजारो वर्षांचं मिश्रण असतं.

कोअर हातात आल्यावर

कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर वर दाखवणारा बाण, भोकाचा क्रमांक, वरची-खालची खोली आणि तारीख पाइपवरच कोरा. शाईचा मार्कर खाऱ्या पाण्यात टिकत नाही. वरच्या टोकाला निळी टोपी, खालच्या टोकाला पांढरी, हा नियम एकदा ठरवला की मोडायचा नाही. एक-एक मीटरचे तुकडे करा. सडक्या अंड्याचा वास येत असेल आणि गाळात भेगा पडत असतील तर वायू आहे: लायनरला दर वीस सेंटिमीटरला तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि आसपास विडीकाडी नको. आडवे ठेवा, ४ अंश सेल्सियसला. मासळीच्या बर्फाच्या खोक्यात गाडीपर्यंत न्यायला हरकत नाही, पण गोठू देऊ नका. गोठलेल्या कोअरचे थर तुटतात.

प्रयोगशाळेत ॲल्युमिनियम दोन्ही बाजूंनी गोल करवतीने फक्त पाइपच्या जाडीपुरतं कापा. आतला चिखल कापायला सर्वात चांगलं हत्यार म्हणजे तंगूस. दोन हातांत ताणून एका दमात ओढला की दोन आरशासारखे अर्धे होतात. काचेच्या पट्टीने आडवं घासून पृष्ठभाग साफ करा, उभं कधीच नको, थर एकमेकांत ओढले जातात. एक अर्धा जपायचा, एक कामाचा. पहिल्या तासात फोटो घ्या. कांदळवनाचा काळा चिखल हवा लागली की रंग बदलतो, त्यातले लोहसल्फाइड आम्ल सोडतात आणि चुन्याचे फोरॅमिनिफेरा (कवचवाले एकपेशीय सूक्ष्म जीव) व कोवळे शिंपले विरघळून जातात. महिनाभर उघड्या राहिलेल्या कोअरमध्ये ‘समुद्री जीव सापडले नाहीत’ असा निष्कर्ष निघतो तो असा.

मग चुंबकीय संवेदनशीलता, दर सेंटिमीटरला. काळ्या कातळातून आलेल्या गाळात ती ठळक असते, म्हणून नदीचा गाळ आणि समुद्राचा चुनखडी गाळ लगेच वेगळे दिसतात. ५५० अंशाला चार तास जाळून सेंद्रिय भाग, ९५० अंशाला दोन तास जाळून चुना. फोरॅमिनिफेरासाठी ६३ मायक्रॉनच्या चाळणीत हलक्या हाताने धुवा. भरतीच्या वरच्या काठावर वाळूचे कण चिकटवून कवच बांधणाऱ्या जाती असतात, खाली उघड्या चिखलात चुन्याच्या कवचाच्या.

वयासाठी काय द्यायचं

सर्वात आधी निवड पान, बी, कोवळी काडी यांची. पाच-दहा मिलिग्रॅम कोरडा तुकडा एएमएस या रेडिओकार्बन मोजायच्या पद्धतीला पुरतो. सबंध काळा चिखल देऊ नका, त्यात वरून घुसलेली तिवराची मुळं आणि डोंगरातून आलेलं जुनं सेंद्रिय द्रव्य दोन्ही असतं. मूळ कसं ओळखावं? ते थर कापून उभं जातं, पान थराबरोबर आडवं पडलेलं असतं.

शिंपल्यांत दोन्ही झडपा जोडलेली तिसरी (‘तिसऱ्या’ म्हणून खातात तो शिंपला) सर्वात भरवशाची, ती तिथेच जगली आणि तिथेच मेली. सुटा, झिजलेला शिंपला कुठूनही आलेला असतो. समुद्री कवचाचं रेडिओकार्बन वय मुळातच काहीशे वर्षं जास्त येतं, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो. म्हणून समुद्री नमुन्यांचं वय दुरुस्त करणारा ‘मरीन-२०’ वक्र आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याची स्थानिक दुरुस्ती वापरा. खाडीच्या आत, गोड्या पाण्याच्या मिसळीत, ही दुरुस्तीही डळमळते. एकाच थरातलं पान आणि तिसरी दोन्हींचं वय काढलं तर तिथला फरक स्वतःच काढता येतो.

वाळूच्या थराला प्रकाश-उद्दीपित पद्धत (कणांनी शेवटचा उजेड कधी पाहिला ते सांगणारी) वापरायची तर काळा लायनर घ्या आणि लाल दिव्यात मधला गाभाच काढा. पण उत्तर कोकणात आधी एक चिमूट वाळू सूक्ष्मदर्शकाखाली बघा. या पद्धतीला बहुधा क्वार्ट्झचे कण लागतात, आणि बेसाल्टच्या वाळूत क्वार्ट्झ जवळपास नसतंच. सिंधुदुर्गात, जिथे क्वार्ट्झाइट आणि जुने खडक आहेत, तिथे ते भरपूर मिळतं.

गणित

समजा तळाचा कांदळवनी थर सरासरी समुद्रपातळीच्या ९.४० मीटर खाली मिळाला. कांदळवन साधारण सरासरी पातळी ते सर्वोच्च भरती यांच्या मध्ये वाढतं. तुमच्या मोजपट्टीवर हा पट्टा ० ते १.२ मीटर असेल, तर मध्य ०.६. तेव्हाची सापेक्ष समुद्रपातळी: −९.४० वजा ०.६०, म्हणजे −१०.०० मीटर. शंका अशा: पट्ट्याची ±०.६०, लेव्हलिंगची ±०.०५, खोलीची ±०.१०, भोकाच्या कलाची ±०.१०. वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढलं की ±०.६२ येतं. शंकेचा जवळपास सगळा वाटा भरतीच्या पट्ट्याचा आहे, हे इथे दिसतं. फोरॅमिनिफेराच्या जातींवरून थर पट्ट्याच्या वरच्या काठाचा होता असं ठरवता आलं तर ही शंका निम्मी होते, मग लेव्हल कितीही महाग असो वा नसो. मुंबईकडे हाच पट्टा दुप्पट रुंद असल्याने तिथलं उत्तर आपोआप ढोबळ येतं.

प्रत्येक थर असा नेमका आकडा देत नाही. उघड्या समुद्रातल्या चिखलातली तिसरी एवढंच सांगते की पाणी तिच्या वर होतं. जमिनीवर उगवलेल्या झाडाचा बुंधा सांगतो की पाणी त्याच्या खाली होतं. मुंबईत एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराचे बुंधे जागच्या जागी उभे सापडले, तो याच जातीचा पुरावा. पुळणीवरचा करळही, सिमेंटसारखी घट्ट झालेली ती शिंपल्या-वाळूची फरशी, मधल्या पट्ट्याची सूचना देतो, पण लाटांनी वर फेकलेल्या वाळूचाही करळ होतो. अशा बिंदूंना आलेखात बाण द्या, वर किंवा खाली. त्यांना ठिपका समजून त्यातून रेघ ओढू नका. आणि अक्षावर ‘सापेक्ष समुद्रपातळी’ असंच लिहा, कारण जमीन स्वतः वर-खाली झाली असेल तर तेही याच आकड्यात मिसळलेलं आहे. ते वेगळं काढायला शेजारच्या दोन-तीन खाड्यांतले तळथर एकाच वयाचे घेऊन त्यांची उंची ताडून बघावी लागते.